टाकीवरची पाचची बस

४ ऑक्टोबर

काका,

तुम्हाला आणि काकीला नमस्कार, अक्काला एक घट्ट मिठी. फोनवर तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून हे पत्र. आणि खरं सांगायचं तर फोनवर मी नुसती ओरडले असते.

आमची नक्कल झाली आहे. आपल्या ‘आली का’सारखंच अ‍ॅप एका बड्या कंपनीने काढलंय आणि नाव काय ठेवलंय माहितीये? ‘आलीच’. पिवळं बटण तेच, सरकणारा ठिपका तोच. ‘गाडी हलली, धीर धरा’ हे वाक्य मी तुमच्या ओट्यावर बसून लिहिलं होतं, तेही तसंच्या तसं उचललंय. ह्यांचीच माणसं मागे पैसे गुंतवतो म्हणून आमच्याकडे आली होती. माझ्या भागीदाराने, गणित्याने, त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवला. मी खिडकीकरांची सगळी पद्धत समजावली, की थांब्यासमोर राहणारी, दुकानात बसणारी, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तुमच्यासारखी घरात अडकलेली माणसं बस गेली की बटण दाबतात आणि पुढच्या थांब्यावरच्यांना कळतं. त्यांनी फार कौतुकाने ऐकलं, बशीतली सगळी बिस्किटं संपवली आणि ‘कळवतो’ म्हणाले. ते हे असं कळवलं.

आता ज्याला त्याला सल्ले सुचताहेत. कुणी म्हणतं कोर्टात खेचा, कुणी म्हणतं त्यांनाच विकून मोकळे व्हा. गणित्या म्हणतो, तिकडे बघूच नको, आपलं काम सुधारू. मला ते जमत नाही. सकाळी ऑफिसला निघाले की पुढच्या बसच्या पाठीवर त्यांचीच जाहिरात असते, ती उतरेपर्यंत डोळ्यांसमोर.

एक गोष्ट मात्र त्यांना उचलता येणार नाही. कुठल्याही थांब्याची वेळ टाकण्याआधी आपल्यातल्या कुणीतरी तिथे अख्खा दिवस उभं राहायचं, हा आपला नेम. त्यांच्यातलं कोण उन्हात उभं राहणार आहे?

अक्काचं विसरणं वाढलंय का? ती काकीची बहीण असली तरी माझी वेणी रोज तिनेच घातलीय, तेव्हा माझाही हक्क आहे. तिला घरातून कुठे हलवणार नाही असा शब्द दिलाय तुम्ही मला.

भुंगा


१३ ऑक्टोबर

भुंग्या,

लहानपणी कानाशी गुणगुणायचीस, आता पत्रातून गुणगुणतेस. बरं वाटलं. तेवढं तरी मला ऐकू येतं.

मी डेपोत बसच्या पाट्या रंगवायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. एका छापखानेवाल्याने माझे आकडे उचलले आणि त्याचे चिकटवायचे कागद काढले. साहेबांना ते स्वस्त पडले. मी बरेच दिवस फुरंगटून बसलो, काकीशीही धड बोललो नाही. मग एका ड्रायव्हरने सहज सांगितलं की संध्याकाळी उतारूंना इंग्रजीतले तीन आणि आठ सारखेच दिसतात आणि लोक भलत्याच गाडीत चढतात. मी तीनचं तोंड चांगलं उघडं केलं. त्या छापखानेवाल्याच्या ते फार उशिरा लक्षात आलं, कारण तो कधी थांब्यावर उभाच राहिला नव्हता. मी काही त्याला हरवलं वगैरे नाही. माझं काम तेवढं टिकलं.

तेव्हा तू आधी आम्हा खिडकीकरांकडे बघ. ते पिवळं बटण हल्ली दाबलं तरी दाबलं जात नाही. समोरच्या औषधवाल्याने कंटाळून सोडून दिलं. तक्रार लिहिली तर उत्तर येत नाही. आधी तुझ्या दोन ओळी यायच्या, त्यावर आम्ही महिनाभर खूश असायचो.

अक्का बरी आहे. दिवसभर खिडकीत बसते, तिथे ऊन छान येतं. शब्द दिल्याचं मी विसरलेलो नाही. काकी दर गुरुवारी एका मैत्रिणीकडे जाते, तिलाही तेवढाच विरंगुळा.

काका


१२ नोव्हेंबर

काका,

उत्तराला उशीर झाला. बटणाचं गणित्याला सांगितलंय, तो बघेल. माझं सगळं लक्ष सध्या दुसरीकडे आहे आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

ह्या चोरांनी नुसती नक्कल नाही केलेली. आमच्या वेळासुद्धा ते रोजच्या रोज आमच्याकडूनच उचलतात असा मला पहिल्यापासून वहीम होता. ‘सिद्ध करा,’ वकीलबाई म्हणाल्या. मग मी एक गळ टाकला. आमच्या माहितीत एक अशी बस घुसवली जी धावतच नाही. आमच्या अ‍ॅपवर ती कुणालाच दिसत नाही. जो आमच्या मागच्या दाराने माहिती उचलेल त्यालाच ती मिळणार. आणि मिळाली, काका. दोनच दिवसांत ‘आलीच’वर ती बस दिमाखात झळकली. मी खुर्चीवरून उठून नाचले. गणित्या नाचला नाही, पण त्याचं सोडा.

कुठली बस ते सांगत नाही, वकीलबाईंनी तोंडाला कुलूप लावलंय. घाबरू नका, जागा अगदी निर्मनुष्य निवडली आहे, तिथे चिटपाखरू नसतं. कोर्टाचा माणूस येऊन डोळ्यांनी बघेपर्यंत ती तशीच राहू द्यायची, हात लावायचा नाही. मग बघा त्यांची कशी पळता भुई थोडी होते.

अक्काला सांगा, तिच्या भुंग्याने पहिल्यांदाच कुणालातरी डंख मारलाय.

भुंगा


२४ नोव्हेंबर

भुंग्या,

तुझा आनंद पोचला. मीही थोडा हसलो, मग हसू ओसरलं. पाट्या रंगवताना मी कितीतरी चुका केल्या असतील, पण मुद्दाम चुकीचा आकडा कधी काढला नाही. त्या जागी चुकून कुणी उभं राहिलं तर? निर्मनुष्य म्हणतेस ते खरंच असणार, तू काही उथळ नाहीस. तरी म्हाताऱ्याच्या मनात आलं ते लिहिलं.

आता माझीही एक कबुली. रागावू नकोस. काकीच्या फोनवर तुझं अ‍ॅप आहेच, पण गुरुवारी ती जिथे जाते तिथला थांबा तुझ्याकडे कोरा असतो, कारण तिथे कुणी खिडकीकर नाही. परवा शेजारणीने तिला ते ‘आलीच’ घालून दिलं. त्यात तिकडून परतीची एक उशिराची गाडी सापडली. इतके दिवस ती पोचून टेकते न टेकते तोच साडेतीनच्या बससाठी उठायची. आता तिला चहा होईपर्यंत बसता येईल, म्हणून फार खुशीत आहे. काल पहिल्यांदा त्या गाडीसाठी थांबली, पण चुकली म्हणे. एका ओळखीच्या गाडीवाल्याने खाली आणून सोडलं. पुढच्या वेळी जरा आधीच जाऊन उभी राहणार आहे.

तुला हे कसं सांगावं ह्याची तिला लाज वाटत होती. म्हणून मी सांगितलं.

काका


१ डिसेंबर

काका,

रागावले नाही. वाईट मात्र वाटलं. जगात कुणीही ‘आलीच’ वापरलं असतं तर चाललं असतं, काकीने नको होतं. तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ह्या सगळ्याची सुरुवात झाली. असू दे. तिची सोय होत असेल तर खुशाल वापरू दे, मी कोण सांगणारी.

त्या गळाबद्दल तुम्ही विचारलंत तसंच गणित्यानेही विचारलं. आमचं वाजलंच. तो म्हणाला, आपणच लोकांना खोटी वेळ सांगायला लागलो तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला. मी म्हटलं, आपण कुठे सांगतोय, ते सांगताहेत. कोर्टाचा माणूस महिनाअखेरीस येणार आहे. तेवढे दिवस कळ काढायची. आत्ता ती बस काढली तर सगळं मुसळ केरात.

औषधवाल्याला आणि बाकीच्या खिडकीकरांना लिहायचं राहिलंय. हे एकदा मिटू दे.

अक्काबद्दल तुम्ही दर पत्रात एकच ओळ लिहिता. तिला कागद दिलात तर ती काही लिहिते का बघा ना.

भुंगा


११ डिसेंबर

भुंग्या,

जिवावरचं टळलंय, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. काकी पडली. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आहे, बोलते आहे, परिचारिकेने उशी नीट लावली नाही म्हणून तिच्यावर खेकसून झालंय.

आता जे लपवलं ते सांगतो. अक्का घरी नाही. श्रावणाआधीच तिला मी आश्रमात ठेवलं. ती सकाळी उठून दार उघडून निघून जायची, एकदा डेपोच्या फाटकाशी सापडली. काकीला तिला धरून ठेवणं झेपेना आणि माझे गुडघे हे असे. तुला शब्द दिला होता म्हणून लिहायला हात धजला नाही. ‘खिडकीत बसते, ऊन छान येतं’ असं लिहिलं, ते खोटं नव्हतं. खिडकी फक्त दुसरी होती. गुरुवारची मैत्रीण म्हणजे अक्काच.

गेल्या आठवड्यात काकीला सर्दी होती, ती गेली नाही. ह्या गुरुवारी गेली. ते ‘आलीच’ पाच वाजता गाडी आहे म्हणत होतं. काकीने निवांत अक्काचे केस विंचरले, तिला चहा पाजला, आणि पाचच्या जरा आधीच थांब्यावर येऊन उभी राहिली. गाडी आली नाही. फोनवर ठिपका सरकत होता, ‘गाडी हलली, धीर धरा’ येत होतं, म्हणून ती बराच वेळ धीर धरून उभी राहिली. गार वारा सुटला, अंधारून आलं, तेव्हा चालत निघाली आणि उतारावरच्या खडीवर पाय घसरला. आश्रमाच्या धोब्याची गाडी खाली येत होती, त्याला ती दिसली.

तुझ्या त्या चोरांना कोर्टात खेचशील तेव्हा हेही सांग. वेळ तर चोरतातच, वर चुकीची सांगतात. लागलं तर मी साक्षीला येतो. आश्रम पाण्याच्या टाकीपाशी आहे, जुन्या गिरणीच्या जागेत. तिथल्या थांब्यावर पाचची गाडी कधीच नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

काका


१६ डिसेंबर

काका,

तुमचं पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसले. वर जायचा धीर झाला नाही.

ती बस माझी आहे. टाकीवरची पाचची बस मीच घुसवली. गळ म्हणून जी लिहिली होती, ती हीच.

जागा निवडताना मी एवढाच विचार केला की आपल्या गावातलं सगळं मला माहीत आहे. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून टाकीवर न्यायचात तेव्हा तिथे बंद गिरणी होती आणि झुडपं होती. मी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे कोण जातंय. आश्रम झाल्याचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलंही नाही. वेळ टाकण्याआधी तिथे उभं राहायचं हा नेम मीच केला, त्याच्या फुशारक्या मारल्या, आणि ह्या एका थांब्यावर मी एक तासही उभी राहिले नाही.

तुम्ही विचारलं होतंत. गणित्याने विचारलं होतं. तुम्ही लिहिलंत की काकीला एक उशिराची गाडी सापडली आणि ती पहिल्याच दिवशी चुकली, आणि मी फुगून बसले. कुठली गाडी, कुठला थांबा, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. अक्काचं लपवल्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर देऊ नका. मला दिलेल्या शब्दापायी लपवलंत, आणि तो शब्द मी तुमच्याकडून हट्टाने घेतला होता. तिला सांभाळायला मात्र एकदाही आले नाही.

बस काढली. पण ‘आलीच’वर ती तरीही दिसतच होती, म्हणून मी त्यांच्या ऑफिसात फोन लावला आणि सांगितलं, ही बस खोटी आहे, मी मुद्दाम टाकली होती, एक बाई पडली आहे, ताबडतोब काढा. पलीकडच्या माणसाने माझं नाव आणि हुद्दा नीट लिहून घेतला. बस निघाली. वकीलबाई म्हणाल्या, आता दावा विसरा, उलट तेच तुमच्यावर येतील. गणित्याने एकेका खिडकीकराला फोन लावायला घेतलाय.

काकीला हे कोणत्या तोंडाने सांगू? तुम्हीच सांगा. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं कळवा.

भुंगा


२७ डिसेंबर

भुंग्या,

तुझं पत्र वाचून मी ते खिशात ठेवलं आणि काकीला काहीच सांगितलं नाही. राग आला होता. अजून आहे, तो लपवणार नाही. एवढं सगळं झालं आणि तू पत्र पाठवलंस, आली नाहीस.

पण लपवालपवीचा धडा मी ताजा ताजा शिकलोय. परवा काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: “तिला म्हणावं, मला लागलं त्याचं मी बघून घेईन. पण त्या दिवशी मी अक्काजवळ चहा होईपर्यंत बसले. तेवढं खोटं नव्हतं.” नंतर भिंतीकडे तोंड करून झोपली. माफ केलं की नाही हे मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती आता वॉकर धरून दारापर्यंत जाते. टाकीचा चढ तिला बरेच महिने जमायचा नाही, म्हणून मी जाऊन आलो, गुडघे हातात घेऊन. अक्काने मला ओळखलं नाही. तिच्या खोलीची खिडकी थेट थांब्यावर उघडते. तिथली बाई सांगत होती की अक्का जेवल्याचं विसरते, स्वतःचं नाव विसरते, पण रोज चार वाजले की केस बांधून दे म्हणते आणि खिडकीशी जाऊन बसते. त्या गुरुवारी काकी तिला म्हणाली होती म्हणे, ‘आता घाई नाही गं, पाचची बस आहे.’ तेवढंच तिच्या डोक्यात राहिलंय. मी साडेतीनच्या गाडीसाठी उठलो तर मला म्हणाली, “आत्ता कशाला जाता? पाचची येईल. तिने माझी बहीण येते.” मी तिला सांगून पाहिलं की अशी बस नाही. तिने माझ्याकडे, मी खुळा आहे अशा नजरेने पाहिलं.

तू सगळीकडून ती काढलीस. तिथून कशी काढणार?

काका


२ जानेवारी

काका,

कशी काढायची ते मला माहीत नाही. मी काढणारही नाही.

मी बुधवारी रात्री येते. आधी घरी, काकीसमोर. ती जे बोलेल ते ऐकून घेईन, आणि नाही बोलली तर तेही. मग गुरुवारी सकाळपासून टाकीच्या थांब्यावर उभी राहीन, नेमाप्रमाणे, अख्खा दिवस. साडेतीनची जाऊ देईन. त्या थांब्यावर माणसाला किती वारा लागतो ते मला एकदा कळू दे.

गणित्याला सांगितलंय की आता दर गुरुवारी मी ऑफिसात नसेन. तो म्हणाला, बरं.

अक्काला कुणी काही समजावू नका. खिडकीत बसू द्या. पाच वाजले की मी रस्ता ओलांडून तिच्याकडे जाईन, आणि ती कोण आलं म्हणाली तर सांगेन की पाचच्या बसने आले.

भुंगा